गुहेतल्या पाण्यात

बीदरला मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेबद्दल मी आजवर कुणालाच खरं सांगितलेलं नाही. विषय निघाला की किल्ल्याबद्दल बोलायचो, तिथल्या लाल मातीबद्दल बोलायचो, आणि चहा मागवायचो. आता पंच्याहत्तरी जवळ आली. दुसरी खेप नुकतीच झाली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की पहिली मध्ये येऊन उभी राहते, म्हणून दोन्ही लिहितो.

या खेपेला सोलापूरहून सकाळची बस धरली. माझी धाकटी बहीण सुमन हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीला दिलेली आहे. तिला भेटायचं आणि एक गोष्ट सांगायची, एवढंच ठरवून निघालो होतो. उमरगा मागे पडलं की पाट्यांवरची अक्षरं गोल, कानडी होतात, बसमधली बोली मात्र तीच राहते. शेतांतली तूर निघाली होती. बांधावर तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. लांबून त्या माणसांसारख्या दिसत होत्या, सगळी एकाच दिशेला तोंड करून थांबलेली.

बस निम्मी रिकामी होती. तरी मला एकाएकी वाटलं, मागच्या सीटवर कुणीतरी श्वास ओढतंय. लांब, अडकत अडकत. वळून पाहिलं तर सीट रिकामी. मग छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, आणि आपण आता मरणार याची अशी खात्री पटली की मी ओरडून बस थांबवली. गाव राजेश्वर होतं. उतरलो.

रस्त्याच्या कडेला एका बाईची टपरी होती.

"अप्पा, कुठं जायलाव?"

"दुबलगुंडीला."

"मग हितं कामून उतरलाव? लई लांब हाय की अजून."

"जरा मोकळी हवा हवी होती."

तिनं माझा घामानं भिजलेला सदरा बघितला. "हवा फुकट हाय, बसा. पर खाल्ल्याबिगर न्हाई सोडणार."

तिनं सुसला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) आणि मिरचीची भजी पुढं ठेवली. मी दोन घास खाल्ले. हळूहळू छाती शांत झाली. वर्षभर असंच चाललं होतं. आधी मी गर्दीच्या बस टाळल्या, मग लग्नं, मग आठवडी बाजार. प्रत्येक वेळी कारण चांगलं शोधायचो. पहाटे जाग यायची, आणि काहीही घडलेलं नसताना काहीतरी घडणार आहे असं वाटत पडून राहायचो. मुलाला सांगितलं नव्हतं. वयानं होतं, असं स्वतःला सांगितलं होतं.

पुढं जीपनं हुमनाबाद गाठलं. सुमनचे यजमान माणिकराव मोटारसायकल घेऊन उभे होते.

"दादा, बस सोडून जीपनं आलाव? बस काय चावली व्हय?"

मी हसलो. ते हसले नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

सुमन आता पासष्टीची. केस पांढरे, आवाज खणखणीत. जेवायला ज्वारीची भाकरी, पुंडीपल्या (अंबाडीची भाजी) आणि शेंगदाण्याची चटणी होती. वाढता वाढता ती नव्या सुनेला सांगू लागली, "ह्यो माझा दादा. मला लई भ्या वाटायचं तवा ह्यानंच नेलं व्हतं गुहेत. गर्दीत हात सुटला त्याचा, न्हाईतर म्या बरी झाले असते तवाच. दादाचा काय दोष? गर्दीच तसली."

गर्दी नव्हती.

पहिल्या खेपेच्या वेळी सुमनचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. बाजाराला निघाली की तिचा घसा आवळायचा, हातपाय गार पडायचे. ती रात्रभर जागी असायची. गावानं ठरवलं, वारं लागलं. बीदरजवळ डोंगराच्या पोटात एक लांब गुहा आहे. तिच्यात कमरेच्या वर पाणी असतं. त्यातून चालत आतल्या देवापर्यंत जायचं. लोक म्हणायचे, भ्यालेल्या माणसाला त्या पाण्यातून नेलं की भीती पाण्यात राहते. दोष त्या जागेचा नाही, देवाचाही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, वारं वगैरे मानत नव्हतो. मी त्याहून वाईट मानत होतो. मला वाटायचं हे नखरे आहेत, आणि एकदा सणसणीत भिववलं की जातील.

आम्ही आत शिरलो. छताला वटवाघळं लोंबत होती, दिव्यांच्या पिवळ्या रेघा पाण्यावर हलत होत्या. सुमननं माझा हात दोन्ही हातांनी धरला होता. गुहा वळते तिथं दिवा गेलेला होता. पुढं कुणी नव्हतं, मागं एक म्हातारं जोडपं बरंच लांब होतं. तिथं मी तिची बोटं एकेक करून सोडवली, हात काढून घेतला आणि पुढं चालत गेलो. ती ओरडली नाही. अंधारात फक्त श्वास ओढल्याचा आवाज आला. लांब, अडकत अडकत. मी थांबलो नाही. मग तो आवाजही थांबला.

त्या म्हाताऱ्यानं तिला बाहेर आणलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिनं दुबलगुंडीच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पुढं लेक मोठी झाली, तिनं आईला बीदरच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या, बोलणं, आणि आज दारापर्यंत, उद्या वेशीपर्यंत असं करत करत सुमन परत बाजारात जाऊ लागली. त्या दिवशी गुहेतून बाहेर आल्याबरोबर मीच सगळ्यांना सांगितलं होतं की गर्दीत हात सुटला. तेच ती आजवर सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला बीदरला जायचं होतं. मी सोबत निघालो. रस्ता पठारावर चढतो तशी माती लाल होत जाते. वर कुठंतरी हवाई दलाचं विमान गरजत होतं. आवाज सगळीकडून यायचा आणि आभाळात काहीच दिसायचं नाही. बीदरला उतरल्यावर मी म्हणालो, "दवाखान्याआधी गुहेकडे जाऊ या का?"

तिनं पिशवी खांद्यावर नीट घेतली. "चल की."

पायऱ्यांवर तोच ओला, कोंदट वास होता. ओल्या कपड्यांनी माणसं बाहेर येत होती, कुणीच बोलत नव्हतं. आत पाण्यावर पिवळ्या रेघा हलत होत्या. मी सुरुवात केली, "सुमन, त्या दिवशी..."

आणि तो श्वास पुन्हा ऐकू आला, अगदी कानाशी. पायऱ्या हलल्या. माझे हात बधिर झाले.

"बस खाली." सुमननं माझा हात धरला. "माझ्याकडं बघ. श्वास वढू नको, हळू सोड. आजून हळू. किती जोरात वढायलास बघ की, माझ्या कानापत्तुर आवाज यायलाय."

तेव्हा मला कळलं की तो श्वास माझाच होता. राजेश्वरच्या अलीकडे बसमध्येही माझाच होता.

"कधीपासनं हाय हे?"

"काय?"

"मला नको शिकवू दादा. धडधड, मुंग्या, बस सोडून उतरणं. ह्यांनी सांगितलं मला."

"वर्ष झालं. वयानं होतं असं..."

"वयानं केस पिकत्यात. एखाद्या दिशी भ्या वाटलं तर वाटू दे. पर महिनोन् महिने वाटायलंय, झोप उडाली, एकेक रस्ता बंद व्हायलाय, तर ते दुखणं हाय. दवा हाय त्याला. आधी छाती तपासू, काळीज धड हाय का बघू. मग माझ्या डॉक्टरीणबाई."

"लोक म्हणायचे, भीती पाण्यात राहते."

"कुठली ऱ्हायला! भ्या सोडून आले व्हते की म्या हितं. माझ्या आधी घरी पोचलं व्हतं." आणि ती हसली. गुहेतून तिच्या हसण्याचा आवाज उशिरा परत आला.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. वयाच्या मानानं ठीक निघाला. डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं, घाई न करता. कधी जगणं नको वाटतं का, हेही विचारलं. मी म्हणालो, कधी कधी पहाटे. त्या म्हणाल्या, तो विचार परत आला तर त्याच दिवशी यायचं, आणि तोवर एकटं राहायचं नाही, घरातल्या कुणाला तरी सांगायचं. आजाराला त्यांनी नाव दिलं. इतके दिवस जे माझ्या मागच्या सीटवर बसत होतं, त्याला नाव होतं.

परतीच्या दिवशी सुमन हुमनाबादच्या स्टँडवर सोडायला आली. बस लागेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मी चढून खिडकीत बसलो तेव्हा तिनं खालून विचारलं, "तवा पायऱ्यांवर काय सांगत व्हतास रे? अर्धंच ऱ्हायलं की."

ती वर बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी थंड असेल म्हणत होतो."

"खुळा हायस. गोळ्या घे टायमावर."

बस सुटली. तुराट्यांची माणसं अजून तशीच उभी होती, या वेळी माझ्याकडे तोंड करून. मी श्वास हळू सोडत राहिलो, तिनं शिकवल्यासारखा. राजेश्वरला बस थांबली तेव्हा मी उतरलो नाही. घरी आल्यावर मुलाला आजाराबद्दल सगळं सांगितलं. ते जमलं. उरलेलं अजून घशातच आहे, आणि सुमन अजूनही सुनेला सांगत असेल की दादाचा काय दोष. म्हणून इथं लिहितो:

सुमन, त्या दिवशी गुहेत गर्दी नव्हती. तुझी बोटं मी सोडवली. तुझा श्वास मला ऐकू येत होता आणि मी मागे वळलो नाही. मला माफ कर.