बाबांच्या स्कूटरमधलं प्रतीक

अकरावीत इंग्रजीच्या बाईंनी आठवणी सांगणाऱ्या एका लेखाचं विश्लेषण मागितलं: प्रतीक, संघर्ष, सूर वगैरे. मी बाबांचाच लेख निवडला. मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत तो आला होता, चारच पानं होती आणि बाईंना मराठी येत नव्हतं.

बाबा बरखेड्याच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग तपासून सही करतात. लेख त्यांच्या जुन्या स्कूटरवर होता. ती एका बाजूला कलंडवल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. मी लिहिलं, ही स्कूटर लेखकाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे. संघर्ष मात्र सापडेना. बाबांच्या लेखात कुणी कुणाशी भांडतच नाही. पाच गुणांची ती जागा रिकामीच राहिली.

सकाळी पाहते तर वहीवर लाल पेन्सिल फिरलेली. 'प्रतीक'भोवती गोल आणि शेजारी बाबांचं ठाशीव इंग्रजी: चूक, कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता. 'एकटेपणा'पाशी: मागच्या सीटवर पत्नी असे. खाली सही.

"बाबा, हे आज द्यायचंय!"

"चुकीचं ड्रॉइंग मी पुढे जाऊ देत नाही, बेटा."

डबा भरता भरता आई म्हणाली, "मागच्या सीटवर कसली? निम्म्या वेळा मी ढकलत असायचे. ते लिहिलंय का?"

बाईंकडे एक दिवस वाढवून मागायची माझी हिंमत नव्हती. स्कूलबसमध्ये मी रिकाम्या जागी लिहिलं: संघर्ष, लेखक विरुद्ध समीक्षक, पुरावा लाल पेन्सिलीत. पत्नीचा पुरावा वेगळा.

बाईंनी पाचपैकी पाच दिले. बाबांनी ते पाचही तपासले आणि खाली सही केली.