पंख्याखालची काचपट्टी

पायलला स्वप्नं बघायला झोपावं लागत नसे. मंद्रूपहून रोज एसटीनं सोलापूरला यायची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियनचा कोर्स करायची. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की गेलीच. मधे अंगठ्यानं दाबल्यासारख्या त्या गुलाबी पेशी, त्यांच्यातून एखादी पांढरी पेशी जांभळ्या ढगासारखी हळूच सरकायची, आणि ही तिच्या मागोमाग.

"पेशी मोजायच्या असतात, पायल," लॅबच्या नूरबी मॅडम म्हणायच्या. "त्यांच्यासंगं गावाला जायचं नसतं."

त्या दिवशी तिच्या घराशेजारचे हिंदुराव तापानं फणफणून वॉर्डात आले. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, मशीननं फारच कमी दाखवल्या. मशीन चुकतंही, म्हणून मॅडमनी काचपट्टी करून डोळ्यांनी बघायला सांगितलं. दारात हिंदुरावांची बायको बजाबाई.

"पायल, नीट बग गं. मशीनला काय कळतंय?"

पायलनं काचेवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर केला, त्यावर रंग ओतला. जरा थांबून पाणी घालायचं, एवढंच. पण बाहेर ऑक्टोबरचं ऊन थरथरत होतं आणि त्यात तिला हिंदुरावकाका दिसले, बांधावर बसून सीताफळ फोडताना. ती बघत राहिली. डोक्यावर पंखा गरगरत होता. रंग सुकला, पाणी उशिरा पडलं.

भिंगाखाली जांभळ्या कणांचा नुसता सडा. प्लेटलेटच प्लेटलेट! काका वाचले म्हणायचे. दाराकडे धावायला ती अर्धी उठलीसुद्धा.

मग सवयीनं सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला. कण लख्ख झाले, पेशी मात्र धूसर. परत फिरवला, पेशी आल्या, कण पुसट. म्हणजे कण रक्तात नव्हतेच, वर बसले होते. सुकलेल्या रंगाचे खडे.

"पुष्कळ आहेत का?" मॅडमनी विचारलं.

हो म्हणायला किती सोपं होतं.

"मॅडम, पट्टी पंख्याखाली सुकली. माझं लक्ष नव्हतं. हे खडे आहेत."

"मग बसलीस काय? दुसरी कर. पंखा बंद."

घाम मानेवरून ओघळला, पण या वेळी तिनं पट्टीवरून नजर हलवली नाही. भिंगाखाली स्वच्छ गुलाबी माळ पसरला. त्यावर चुकून एखादा जांभळा ठिपका. मशीन खरं होतं. मॅडमनी बघून लगेच वॉर्डात फोन लावला.

"काय दिसलं गं?" बजाबाईनं विचारलं.

"काकू, ते डॉक्टरच सांगतील. चला, मी येते तुमच्यासंगं."

बजाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, पदर खोचला.

"म्हंजी रगात लागणार. माज्या भावाला फोन लाव. रगात द्यायाला पोरं घिऊन ये म्हणावं."