भोंग्याचे पाच दिवे

बिघडलेल्या वस्तूंशी बोलायची मावशीला जुनीच खोड. रेडिओ उघडला की "काय रे बाबा, कुठं दुखतंय?" असं विचारल्याशिवाय ती स्क्रू ड्रायव्हरला हात लावायची नाही. पुढच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे ती अखंड बोलायची आणि पलीकडे नवरा तिच्या दुप्पट. भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस तो, सगळा बाजार त्याला भोंगा म्हणायचा. घरात पाणी मागितलं तर शेजारीण पेला भरायला उठेल, असा आवाज. "अहो, ओरडू नका, ऐकू येतंय मला," हे वाक्य मावशीने लग्नापासून इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते तिच्या तोंडून आपोआप निघायचं.

मग भोंग्याच्या घशात गाठ निघाली. ती काढली, साधीच होती, जिवावरचं बोटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, पण रोज जोर लावून 'आ' म्हणायचं. वापरला नाही तर यायचा नाही. पहिल्या दिवशी घशातून जे काही करकरत निघालं, ते ऐकून भोंगा स्वतःच दचकला. त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. चहा हवा असला की टेबलावर टिचकी, पोट भरलं की हात आडवा. मावशीने विनवलं, रागावून पाहिलं, शेवटी अबोला धरला. आता न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी. बाजारातल्या लोकांनी त्याची जागा अजून राखली होती, पण नवा हंगाम सुरू झाला की दुसरा माणूस कायमचा उभा करावा लागेल, असं त्यांनी हळूच कळवलं होतं. भोंग्याने तो निरोप ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अशा दिवसांत समोरचा सलूनवाला एक काम घेऊन आला. दुकान रिकामं असलं की हातात धरायच्या छोट्या व्हिडिओ गेमवर खेळायचा त्याला नाद. आवाजाबरोबर नाचणारे एलईडी दिवे त्याला त्या गेमच्या कडेला हवे होते. असलं काम मावशीने कधी केलं नव्हतं, पण "येत नाही" हे शब्द तिला येत नव्हते. तिने बाजारातून पाच दिव्यांची तयार पट्टी आणली. आवाज बारीक तर पहिला हिरवा, वाढत गेला तर पुढचे, आणि अगदी दणकून आला तर शेवटचा लाल. गेमच्या स्पीकरच्या तारा केसासारख्या, त्या तुटल्या तर पंचाईत. म्हणून तिने तारांना हात न लावता पट्टीबरोबर आलेला बारीकसा माइक स्पीकरशेजारी चिकटवला. आतल्या टेबलावर गेम लावून पाहिला. गेम वाजला की दिवे लागत, थांबला की विझत. मावशी स्वतःवर खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला तोंड वेडंवाकडं करत परत आला. गेम बंद असला तरी दिवे लागतात, कात्रीला लागतात, ड्रायरला लागतात, काल तर गिऱ्हाइकाच्या शिंकेला लाल लागला, असं त्याचं गाऱ्हाणं. चूक मावशीच्या तेव्हाच लक्षात आली. माइकला खोलीत जे ऐकू येईल ते तो घेणार. मग घरी कसं कळलं नाही? कारण घरात गेमशिवाय दुसरा आवाजच नव्हता.

गेम आत टेबलावर ठेवून ती चहा करायला गेली. भोंगा खोकला. पहिला हिरवा लागला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा खोकला, मग हळूच घसा खाकरला. ओट्यापाशी मावशी चहा उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिली, पण वळून काही तिने पाहिलं नाही.

त्या दिवसापासून दुपारी पडद्यामागून "आ" ऐकू येऊ लागलं. माणसासमोर लाजणारा भोंगा दिव्यांसमोर लाजत नव्हता. हिरवे लागले, पिवळा लागला. लाल मात्र हटून बसला. इकडे मावशी सलूनवाल्याला थापा मारत होती. पार्ट आला नाही, आलेला पार्ट खराब निघाला. असल्या थापा मारणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना तिने आयुष्यभर नावं ठेवली होती.

पण दुसऱ्याची वस्तू किती दिवस दाबून ठेवणार? एका सकाळी भोंगा दवाखान्यात गेला असताना तिने मन घट्ट केलं, माइक काढला आणि श्वास रोखून त्या केसासारख्या तारांपासून पट्टीला जोड दिला. आता दिवे फक्त गेमचं ऐकणार होते. गेम आत चार्जिंगला लावला. नवऱ्यासाठी दुसरी पट्टी आणू, आल्यावर त्याला सांगू, असं तिने ठरवलं. तो आला तेव्हा ती एका पंख्यात कोपरापर्यंत बुडालेली होती. सांगायचं राहून गेलं.

दुपारी सलूनवाला गेम न्यायला येऊन बाकावर बसला, तेवढ्यात आतून "आ" आलं. मग जरा मोठं. मावशीचा हात थबकला. गेम बंद, माइक नाही, दिवा कुठून लागणार? आणि आत तो बिचारा समजत असणार, आपला आवाज पार गेला, पहिला हिरवासुद्धा लागत नाही. ती उठली. आतून आणखी मोठा "आ" आला, त्याच्यावर आणखी मोठा. पडदा हातात धरून ती तशीच थांबली. जाऊन सांगावं की थांबावं, हे तिला कळेना. आपण त्याला फसवतोय असंही वाटलं, आणि तरी पाय हलेना.

"अगं!" पडद्याच्या आतून गर्जना आली. आवाज फाटका होता, खरखरीत होता, पण बाकावरचा सलूनवाला उडाला. "अगं ए! तुझं यंत्र बिघडलंय! एक दिवा लागेल तर शपथ!"

समोरच्या सलूनमध्ये खोळंबलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी दारात आलं. शेजारीण खिडकीत आली. आत कोण ओरडतंय, म्हणून सलूनवाला विचारत होता. मावशीने पदराने डोळे पुसले आणि पडदा बाजूला केला.

"अहो, ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."