राखभाऊंचा हात

आग पेटवता येणारी माणसं मी गाडीभर पाहिली आहेत. कुणी चकमक घेऊन येतं, कुणी रॉकेलची बाटली पिशवीच्या तळाशी लपवून आणतं, तर कुणी मोबाइलवर पाहून दोन काटक्या तासभर एकमेकींवर घासतं आणि शेवटी इकडेतिकडे बघत खिशातून लायटर काढतं. हा शेवटचा मीच. पण आग विझवता येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. राखभाऊ.

जंगलातला मुक्काम हलवायची सकाळ झाली, की आमच्या पिशव्या भरून व्हायच्या, आमच्यातल्या मास्तरांचा हरवलेला मोजा सापडून व्हायचा, आणि भाऊ मात्र चुलीपाशी उकिडवे बसलेले असायचे. आधी पाणी. मग काठीनं राख खालीवर. पुन्हा पाणी. मग तीच राख हातानं कालवायची, पार चिखल होईपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी उजवा तळवा, बोटं पसरून, त्या राखेवर सपाट टेकवायचा आणि डोळे मिटायचे. आमच्या गल्लीतला पुजारीसुद्धा देवापुढे इतका वेळ डोळे मिटत नाही. बऱ्याच वेळानं भाऊ एक डोळा उघडायचे आणि म्हणायचे, "बसला हात. चला." हात बसल्याशिवाय, म्हणजे राख तळव्याला पुरती गार लागल्याशिवाय, जागा सोडायची नाही, हा त्यांचा कायदा होता. म्हणून ते राखभाऊ. हे नाव आम्ही ठेवलं, आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात लांबच लांब पट्टे साफ करून ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. वनखात्याच्या त्या जाळरेषांवर भाऊंची उभी हयात गेली. निवृत्त होऊन ते बल्लारपूरला आमच्या गल्लीत राहायला आले. तिथं माझी रक्त तपासायची लहानशी लॅब, शेजारी टेलरचं दुकान आणि समोर शाळामास्तर. आम्हा तिघांनाही पोट सुटलेलं आणि रविवार खायला उठलेला. जंगलात न्या म्हणून आम्ही भाऊंचे पाय धरले. भाऊ म्हणाले, "नेतो. पण जंगलात पाहुणा म्हणून याचं, जावई म्हणून नाई."

एटापल्लीच्या अलीकडे भाऊंच्या मामाचं गाव. गावाबाहेर नाल्याच्या काठी आम्ही उतरायचो. ते जंगल गावाच्या ताब्यातलं, त्यामुळे ग्रामसभेला विचारावं लागे. तिथले म्हातारे आम्हा तिघांकडे पाहून तोंड वाकडं करायचे, मग भाऊंकडे पाहून म्हणायचे, "भाचा सोबत आहे ना, मंग राहू द्या." आमची सगळी पत म्हणजे तो भाचा.

पहिल्याच खेपेला मी नवाकोरा तंबू नेला होता. केशरी रंगाचा, सर्कशीलाही लाज वाटेल असा. नाल्याकाठी एक सपाट, स्वच्छ, अगदी सारवल्यासारखी जागा हेरून मी तो थाटात उभा केला. भाऊ लांब दगडावर बसून पाहत होते. "कशी आहे जागा, भाऊ?" मी विचारलं. "लय सुंदर," ते म्हणाले. दिवस कलल्यावर गावातली जनावरं चरून घरी निघाली, आणि ती सपाट स्वच्छ जागा हीच त्यांची रोजची वाट होती. माझा तंबू एका म्हशीच्या शिंगांवर चढून वरातीसारखा गावात गेला. मी भाऊंवर चिडलो. "आधी सांगायचं ना!"

"मी काऊन सांगू? म्हशीनं सांगतलेलं तू जनमभर विसरणार नाई."

विसरलो नाही. त्यानंतर जागा निवडताना मी आधी वर पाहतो, वाळकी फांदी आहे का. मग खाली पाहतो, खुरांच्या खुणा आहेत का. तंबू मात्र पुन्हा घेतला नाही.

लाकडांचीही त्यांनी आम्हाला ओळख करून दिली, सोयऱ्यांची करून द्यावी तशी. धावडा शांत जळतो, स्वयंपाकाला तोच. सलईचा धूर डोळे काढतो. आणि तेंदू? "त्याले चुलीत घेऊ नको. तो बोलते लय." टेलरनं ऐकलं नाही. तेंदूचा ओंडका असा काही तडतडला, की ठिणग्यांनी टेलरच्या नव्या नायलॉनच्या पँटीची चाळणी केली. भाऊंनी पळसाच्या पानात गुंडाळलेले कणकेचे पानगे निखाऱ्यातून काढता काढता मान वर केली. "शिव आता बसून," ते म्हणाले. "घरचाच टेलर आहेस."

आता एक किस्सा, जो मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. भाऊ लॅबमध्ये रक्त द्यायला आले होते. मी बोट पुसलं, सुई टोचली, थेंब घेतला, कापूस लावला. भाऊ म्हणाले, "टोच ना बाबा लवकर. किती वेळ पुसून राह्यला?" लॅबमध्ये बसलेले सगळे हसले. मी तर उभा राहून हसलो. नंतर लग्नात, बारशात, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी हे नकलेसकट करायचो. "जंगलचा माणूस! सुई टोचली तरी याला मच्छर चावल्यासारखंही वाटत नाही!" टाळी हमखास. त्या दिवशी रिपोर्टमध्ये साखर भलतीच वाढलेली होती. तेही मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "गोड बोलतो म्हणून असन." आणि गुळाचा चहा प्यायला गेले.

पुढं पुढं त्यांच्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि ते तसेच पुढं चालायचे. "भाऊ, चप्पल!" मास्तर ओरडायचे. भाऊ मागं वळून पाहायचे. "राहू दे, जंगलानं ठेवून घेतली." आम्ही हसायचो. रक्तातली साखर मोजणारा माणूस मी. त्यांच्या हातापायांतून काय निघून चाललंय, हे मोजायचं मला सुचलं नाही.

आणखी एक कबूल करायला हवं. सुरुवातीला भाऊ आम्हा तिघांनाही राखेवर हात ठेवायला लावायचे. मग आम्ही आळसावलो. टेलर म्हणाला, "तुमचा बसला म्हणजे आमचा बसला, भाऊ." भाऊंना ते आवडलं. खरं सांगायचं तर आम्हालाही हात काळे करायचे नव्हते.

चार वर्षांपूर्वीचा मार्च. मोहफुलं पडायचे दिवस. नाला कोरडा, पाणी गावातल्या हापशीवरून डब्यांतून आणलेलं. निघताना भाऊंनी उरलंसुरलं पाणी चुलीवर ओतलं, राख कालवली, तळवा टेकवला. "बसला हात. चला." आम्ही गावात येऊन चहा पीत बसलो होतो. ऊन चांगलं तापलं होतं. तेवढ्यात नाल्याच्या बाजूनं धूर दिसला.

सगळं गाव धावलं. आम्हीही धावलो. हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची असते, हे मी तोवर फक्त ऐकलं होतं. भाऊ पुढं उभे राहून माणसं उभी करत होते. "वाऱ्याच्या पाठीमागून ये! तिथी नको, इथी!" दोन तासांनी आग आटोक्यात आली. माणूस किंवा जनावर कुणी दगावलं नाही. पण काठावरची मोहाची झाडं खालून होरपळली, आणि त्यांच्याखाली पडलेली फुलं गेली. त्यातली बरीचशी झाडं वेचायला पार्वताबाईंच्या वाट्याची. भाऊंच्या मामेभावाची ही विधवा बायको. मोह वेचून विकायचे उन्हाळ्यातले ते दोन महिनेच तिचं वर्ष चालवायचे.

मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची तिकडे जुनी सवय. ग्रामसभेनं ती बंद केली होती. साहजिकच सगळ्यांची नजर तिच्याकडे गेली.

"तूच पाला पेटवला असशीन, पार्वता," एक म्हातारा म्हणाला.

"मी झाडून घेतलं. जाळलं नाई. हा पाहा ना खराटा!"

"खोटी बोलू नको. असं असन तर यंदापासून तुही झाडं दुसऱ्याले देऊ."

तिनं भाऊंकडे पाहिलं. "भाऊजी, तुमचा मुक्काम होता ना तिथी? तुमी तरी सांगा."

भाऊ पुढं आले. ते खोटं बोलणारे नव्हते, आणि त्या क्षणी त्यांनी जे खरं वाटत होतं तेच सांगितलं. "आमची चूल थंडी होती, वहिनी. माहा हात बसला होता."

झालं. भाच्यानं सांगितलं म्हणजे संपलं. आता उरली कोण, तर तीच. बाई खाली बसली आणि तिनं खराटा मांडीवर घेतला.

भाऊंना ते सोसलं नाही. आपला शब्द बरोबर आहे, पण तिच्यावर असा पडायला नको, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. "चला, चूल दाखवतो," ते म्हणाले. "मंग बाकी जागा पाहू, कुठून लागली ते." दहापंधरा माणसं मागं निघाली. आमच्या चुलीच्या दगडांपाशी भाऊ उकिडवे बसले, बोटं पसरली, तळवा राखेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"पाहा. थंडी आहे."

पार्वताबाई सगळ्यांच्या पुढं उभी होती. आधी तिनंच पाहिलं. खराटा टाकून ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून ओढलं. "भाऊजी! हात जळून राह्यला तुमचा!"

चुलीखाली कुठल्याशा मेलेल्या झाडाचं मूळ होतं. ते आतल्या आत धुमसत काठापर्यंत गेलं होतं, आणि अजूनही धुमसत होतं. भाऊंच्या तळव्यावर फोड उठले होते, मधलं कातडं पांढरं पडलं होतं. भाऊ आपल्या हाताकडे पाहत होते. आपला नसून कुणीतरी धरायला दिलेला हात असावा, तसे. उलटा केला, सुलटा केला.

मग ते उठले. तो हात गावासमोर धरला, पण बोलले तिच्याशीच. "वहिनी, आग माही आहे. माह्या हाताले समजलं नाई."

गावानं त्यांना काही म्हटलं नाही. हळद लावली, फडकं बांधलं, एका म्हाताऱ्यानं तर "होते कधी कधी, भाचा," असंही म्हटलं. ते मला जास्त लागलं. परतताना गाडीतून बल्लारपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा भाऊंनी विचारलं, "डाक्टर, तुले मालूम होतं काय?" ते मला चिडवायला डाक्टर म्हणायचे. त्या वेळी चिडवलं नव्हतं.

मी "नाही" म्हणालो. आयुष्यभर तोंडाची वाफ दवडणाऱ्या माझ्याकडे त्या दिवशी तेवढा एकच शब्द होता, आणि तोही पूर्ण खरा नव्हता. सुईचा किस्सा मी त्यानंतर कुठंही केला नाही.

भाऊंनी मुक्काम बंद केले. आम्ही कितीदा विनवलं. "हात नाई तर काय घेऊन येऊ?" एवढंच म्हणायचे. मात्र पुढच्या प्रत्येक मार्चमध्ये ते एसटीनं मामाच्या गावी जात, पार्वताबाईंचा मोह वेचू लागायला. पहिल्या वर्षी तेवढा मी त्यांना सोडायला गेलो होतो. मोहफूल नाजूक, रसानं भरलेलं. भाऊंच्या बोटांना ते किती दाबलं जातंय हे कळेना. टोपलीत फुलांऐवजी लगदा पडत होता. पार्वताबाईनं थोडा वेळ पाहिलं आणि टोपली काढून घेतली. "भाऊजी, तुमी वेचू नका. तुमी बसा आन् वानरं हाकला." मग भाऊ काठी घेऊन मोहाखाली बसले, आणि फांदीवरच्या वानरांना अशा काही शिव्या घातल्या, की बाई वेचता वेचता तोंडाला पदर लावून हसली.

या हिवाळ्यात ते गेले. पायाला जखम झाली होती. कधी झाली ते त्यांनाही माहीत नव्हतं.

निरोप गावात कळवायला मी स्वतः गेलो, तेव्हा मोह नुकताच पडायला लागला होता. पार्वताबाई झाडाखाली वाकलेली होती. मी सांगितलं. ती वेचायची थांबली नाही. एक ओळ संपवली, दुसरी संपवली, टोपली भरली, ती झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. मग कंबरेवर हात ठेवून तिनं वर फांद्यांकडे पाहिलं.

"मंग आता वानरं कोन हाकलन?" ती म्हणाली.