स्वयंपाकघरातली टिटवी

नाना सुभेदारांबरोबर पक्षी बघायला जाऊ नये, असं मी दुश्मनालाही सांगेन. पक्षी बघणारा माणूस हळू बोलतो. नाना सैन्यातून निवृत्त होऊन कराडला आमच्या शेजारी राहायला आले, तरी आवाज कवायतीच्या मैदानावरचाच राहिला. फाल्गुनात कोयनेकाठचा पळस फुलला की रोज उजाडताना हाक यायची, "मास्तर, उठा! हळद्या आलाय! सांगलीच्या बाजारात हळदीत लोळून आलाय गडी!" मी त्या पिवळ्याधमक पाखरावर दुर्बीण रोखेपर्यंत नानांच्या "त्यो बघा, त्यो बघा!"नं ते नदीपार झालेलं असायचं. वर मलाच ऐकवायचे, "तुमचा नेम लय ढिला हाय."

पक्ष्यांना ते हुद्दे द्यायचे. झाडावर टुकटुक करणारा तांबट हा वर्कशॉपचा हवालदार, कावळा कँटीनवाला. कोतवालाला जन्मतःच हुद्दा मिळालेला, म्हणून त्याचं प्रमोशन बंद. टिटवी मात्र लाडकी, ती सेंट्री. "माणूस दिसला की 'थम, कौन आता है' म्हणती. ड्यूटीवर झोपलेली टिटवी दावा, मिशी उतरवीन!" हे सगळं मी यंदाच्या पाडव्यापर्यंत हसून सोसलं.

उभा जन्म भाड्याच्या घरात काढल्यावर आम्ही गावाबाहेर प्लॉट घेतला होता. पाडव्याला पाया खोदायला घ्यायचा, पावसाआधी काम जोत्यापर्यंत आणायचं, असं मिस्त्रीशी ठरलं. आधीच्या आठवड्यात फक्की टाकून खोल्यांची आखणीही झाली. पाडव्याला पूजेचं ताट घेऊन जातो तो काय, नाना प्लॉटवर हात पसरून उभे! स्वयंपाकघराच्या आखणीत, उघड्या मुरमावर टिटवीची अंडी होती. मुरमाच्याच रंगाची.

बायकोचं तोंड उतरलं. "नाना, टिटवी ओरडते तिथं घर बांधायचं? अशुभ असतं हो."

"ताई, सेंट्री कवा अशुभ असती का? आन् घर बांधू नका कोन म्हंतंय? पिल्लं निघूस्तवर दम धरा."

"मिस्त्री दुसऱ्या कामावर जाईल," मी ओरडलो. "मग पाऊस लागेल. एका पाखरासाठी आम्ही अजून वर्षभर भाड्यानं राहायचं का?"

"तुमास्नी भाड्याचं तरी हाय, मास्तर. तिला भुई सोडून काय हाय?"

असल्या बोलण्यानंच तर डोकं फिरतं. मिस्त्री गेला. नाना छत्री घेऊन दिवसभर प्लॉटवर बसू लागले, कुत्र्यांना शिव्या घालत. टिटवीला त्याचं काय? ती त्यांच्याच डोक्यावर झेपावायची. "बगा, वळख असली तरी पास मागती!" म्हणून ते खूश. मी रोज जाऊन भांडायचो. सोबत ताकाची बाटली असायची, ती बायको देते म्हणून.

परवा पहाटे नाना झोपेतच गेले. आजार नाही, काही नाही. कुणाला विचारणं तर त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.

आज मिस्त्रीचा फोन आला. "मास्तर, हिकडचं काम संपलं. म्हातारंबी आता न्हाई. उद्या कुदळ मारू का?"

घर मला हवं होतं, अजूनही हवं आहे. "नको," मी म्हणालो, "अंडी अजून फुटायची आहेत." फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडत, जेवणाचं ताट तसंच सोडून निघालो.

आता भर उन्हात मी प्लॉटवर उभा राहून कुत्री हाकतोय. टिटवी माझ्या टाळूवर नेम धरून झेप घेते आहे. नानांची फार आठवण येते, आणि त्याहून जास्त राग येतो. ड्यूटी लावून गेला माणूस, आणि सुट्टी कोण देणार ते सांगून गेला नाही.