सबनीसांचा पहिला पूल

चारुदत्त सबनीसांनी आयुष्यात बेचाळीस पूल बांधले आणि सांगितले मात्र त्रेचाळीस. जास्तीचा पूल होता पहिलाच.

कॅनडात ऑन्टारियोतल्या लंडन गावात ज्याने तो पूल ऐकला नाही, असा मराठी माणूस सापडणं कठीण. सबनीस १९७२ साली पुण्याहून इथे आले, तेव्हा इंजिनियरचा परवाना हवा तर इथल्याच एखाद्या परवानाधारक इंजिनियरच्या हाताखाली एक वर्ष काढावं लागे. पुण्यात तुम्ही काय काय बांधलं, याला कुणी हिंग लावूनही विचारत नसे. ते वर्ष सबनीसांनी म्हणे भर बर्फात एका पुलावर काढलं. मराठी मंडळाच्या गणपतीत ही कथा सुरुवातीला उणे पंधरा अंशांत घडायची. मग दर दोन-चार वर्षांनी पारा उतरत गेला आणि सबनीस अठ्ठ्याहत्तरीला आले तोवर उणे चाळीसला जाऊन टेकला. लंडनला एवढी थंडी पडत नाही हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मंडळात डॉक्टर फार, प्राध्यापक त्याहून फार. पुलाबद्दल खोदून विचारणार कोण? शिवाय तोवर जेवणाची रांग लागलेली असायची.

काही वर्षांपूर्वी या एका वर्षाच्या अटीवरच गदा येण्याची चिन्हं दिसू लागली. परदेशातून आलेल्या इंजिनियरांनी अर्जविनंत्या करून करून परवाना देणाऱ्या संस्थेला जेरीला आणलं होतं. शेवटी संस्थेने टोरांटोत सुनावणी ठेवली. ज्याला बोलायचं त्याने नाव द्यावं, प्रत्येकी पाच मिनिटं. सबनीसांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, आणि तेही अट राहिलीच पाहिजे असं सांगायला. आम्ही भोगलं, यांनीही भोगावं. खाष्ट सासवांना जन्मभर नावं ठेवणारा हा माणूस परवान्याची गोष्ट निघाली की स्वतःच सासू व्हायचा. अशा माणसाचा खरं तर राग यायला हवा. पण सबनीस आल्यागेल्याला स्वतः आलं किसून चहा करून द्यायचे, त्यामुळे तो राग फार टिकत नसे.

ही बातमी अवंतिका वानखडेच्या कानावर गेली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. अवंतिका नागपूरची. अठरा वर्षं तिने विदर्भातल्या गावागावांत पाण्याच्या उंच टाक्या उभ्या केल्या होत्या. इथे मात्र ती एका कंपनीत बसून दुसऱ्यांचे नकाशे संगणकावर काढत होती. परवाना नाही म्हणून इंजिनियरचं काम नाही, काम नाही म्हणून वर्षाचा अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून परवाना नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. याला चार वर्षं झाली होती. आणखी चार गेली तर टाकी कशी उभी करतात तेच आपण विसरून जाऊ, अशी धास्ती तिने घेतली होती. आपल्यासारख्याच तिसेक जणांची पत्रं गोळा करून तिने संस्थेकडे पाठवली होती. त्यावर मंडळातल्याच सर्वांत ज्येष्ठ इंजिनियरने उलटं बोलावं म्हणजे झालंच.

शनिवारी ती सबनीसांच्या घरी गेली. बाजूने बोलू नका हवं तर, पण निदान विरोधात तरी बोलू नका, एवढंच सांगायचं ठरवून गेली होती. सबनीसांनी तिला चहा दिला आणि उत्तरादाखल पहिला पूल सुनावला. वारा, बर्फ, उणे चाळीस, गरम पाण्यात कालवलेलं काँक्रीट, त्यावर ताडपत्रीचा तंबू आणि आत शेगड्या.

अवंतिका सगळं ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता वाद विसरून गेली. तिने जन्मभर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काँक्रीटवर ओली गोणपाटं टाकली होती. काँक्रीटला शेकत बसवायचं ही तिच्या लेखी नवलाची गोष्ट होती. तिने पर्समधून वही काढली.

"काका, कोणत्या नदीवर आहे हा पूल? रविवारी पाहूनच येते. साइट पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही."

पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सबनीसांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले की तो पूल आता नाही, पाडला. अवंतिकाला मनापासून वाईट वाटलं. कोणत्या साली पाडला, तिने विचारलं. पाडलेल्या पुलाचेही कागद कुठे ना कुठे असतातच, लायब्ररीत शोधता येतील. तिच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, आणि तेच सबनीसांना जास्त झोंबलं. ते म्हणाले, आठवून सांगतो.

ती गेल्यावर त्यांच्या पत्नी, शीलाकाकू, कपबश्या उचलायला आल्या. इतका वेळ त्या स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या होत्या.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "जो बांधलाच नाही तो पाडलात कशाला?"

रविवारभर सबनीस गॅरेजमध्ये उगाच खिळे निवडत बसले. सोमवारी त्यांनी अवंतिकाला फोन केला. टोरांटोला तू जाणारच आहेस, तर मलाही घेऊन चल, फोर-ओ-वन हायवेवर मला आता गाडी चालवायला भीती वाटते. काय बोलणार आहात, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. काकांना नाही म्हणणंही जमलं नाही. म्हणजे आपल्याच पायावर मारायची कुऱ्हाड तिने शेजारच्या सीटवर बसवली, वर तिला पट्टाही लावून दिला.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे पाच जण बसले होते. मंडळातली निम्मी माणसं घरबसल्या संगणकावर पाहत होती. सबनीसांचं नाव पुकारलं गेलं. ते मागच्या रांगेतून, अवंतिकाच्या शेजारून उठले, कोट नीट केला आणि पुढे गेले.

ते म्हणाले की या अटीचा अनुभव इथे त्यांच्याइतका जुना कुणालाच नसेल. ज्या आठवड्यात ते कामावर रुजू झाले, त्याच आठवड्यात कंपनीचं पुलाचं कंत्राट रद्द झालं. मालक मॅकफी साहेब भला माणूस. त्याने या नव्या पोराला काढलं नाही, बेसमेंटमध्ये जुने नकाशे लावायला बसवलं. सबनीसांनी वर्षभर नकाशे लावले, पायऱ्यांवरचं बर्फ फावड्याने काढलं आणि साहेबाची कॉफी आणली. वर्ष संपल्यावर साहेबाने अनुभवाच्या फॉर्मवर सही केली.

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग त्या वर्षात तुम्ही नक्की काय शिकलात?

"हॉकी कळायला लागली," सबनीस म्हणाले. दोघंतिघं हसले, सबनीस हसले नाहीत. "त्यानंतर अडतीस वर्षांत मी या प्रांतात बेचाळीस पुलांच्या नकाशांवर शिक्का मारला. आज सकाळी येताना त्यातल्या दोन पुलांवरून तुमच्याकडे आलो. त्या एका वर्षावाचून माणूस इंजिनियर होत नसेल, तर माझे बेचाळीसही पूल आत्ता बंद करा आणि माझा परवाना काढून घ्या. आणि ते बंद करायची गरज वाटत नसेल, तर मागे जी बाई बसली आहे तिला अडवायचं तुम्हाला कारण नाही."

पाच मिनिटांतली दीड मिनिटं उरली होती. ती त्यांनी तशीच सोडली आणि खाली बसले.

परतीच्या वाटेवर सबनीसांचा फोन खिशात सारखा वाजत होता. मंडळ जागं झालं होतं. ते तो बाहेर काढत नव्हते. त्यांना लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटण्याची त्यांना या वयात सवय नव्हती.

"काका," अवंतिकाने शेवटी विचारलं, "पण साहेबाने सही केली कशी? त्याने तर तुमचं काम पाहिलंच नव्हतं."

"मीही त्याला हेच विचारलं होतं," सबनीस म्हणाले. "तर म्हणाला, तू इंजिनियर आहेस हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नकाशे लावता लावता तू त्यातल्या चुका पेन्सिलीने दाखवत होतास. बाकीचे एक्कावन्न आठवडे मी फॉर्मसाठी थांबलो." त्यांनी खिशातला फोन बंद केला. "हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. हे सांगायचं तर पूल नव्हता, हेही सांगावं लागलं असतं."

अवंतिकाचे डोळे भरून आले. तिने गाडी हमरस्त्यावरच्या विश्रांतिथांब्याकडे वळवली. दोघांनी कॉफी घेतली. टेबलाशी बसल्यावर सबनीसांनी तिला टाक्यांचे नकाशे दाखवायला सांगितलं. तिच्या फोनवर ते कायम असायचेच. चष्मा कपाळावर चढवून ते फोनवर वाकले. एका टाकीचे खांब त्यांना बारीक वाटले. ते त्यांनी बोलून दाखवलं. अवंतिकाने ते तसे का आहेत ते सांगितलं, जमीन कशी होती तेही सांगितलं, आणि तिथे आपण कॉन्ट्रॅक्टरशी भांडून सळ्या कशा वाढवून घेतल्या, तेही. बोलता बोलता तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

सबनीसांनी फोन तिच्या हातात परत दिला.

"नियम बदलेल तेव्हा बदलेल," ते म्हणाले. "अर्जात शिफारशीला माझं नाव घाल. मला कळलं."

आणि इतका वेळ विसरलेली कॉफी त्यांनी पुढे ओढली. ती अजून गरम होती.