लाईट-पाणी भाड्यात

एका फ्लॅटमध्ये तीन पोरी राहिल्या की किस्से कसे साठतात, ते खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांना विचारा. रोज एक पडतो, आवरायला कुणालाच वेळ नसतो! आमच्याकडे खुर्ची एकच. पोरी तीन: मी कामथडीची, रोहिणी भाटघरची आणि सुनंदा वेल्ह्याच्या डोंगरातल्या मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरची. मी लॅबमध्ये कामाला, रोहिणी बँकेत आणि सुनंदा नर्सिंगला.

*

धनकवडीतला हा फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा काकूंनी, म्हणजे घरमालकिणीनं, आधी दम भरला. "लाईट-पाणी भाड्यातच आहे. पण उधळपट्टी चालणार नाही. आधीच्या मुली शॉवरखाली गाण्यांचे कार्यक्रम करायच्या!"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "काकू, हे पाणी आमच्याच वेल्ह्याच्या धरणातनं येतं. वाया घालवलं तर आई तंगडं मोडून हातात देईल!"

काकूंनी लगेच किल्ली काढून दिली.

पण खरा निकाल लागायचा होता तो पुढेच. सुनंदाच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला सांगून ठेवलं होतं, "जत्रा झाली की येतो. खोली बघतो. मनाला न्हाई पटली, तर बिस्तरा उचलायचा." म्हणजे नर्सिंगही तिथंच संपलं. जत्रा हा शब्द निघाला की पोरगी ताटावरनं उठायची.

*

पहिलं लाईट बिल आलं आणि काकू थेट वायरमनला घेऊनच वर आल्या. "मीटर बंद पडलंय. तीन मुलींचं एवढंसं बिल?"

त्यानं मीटर उघडलं, तपासलं, परत लावलं. आमच्याकडे बघून विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"भोर-वेल्ह्याकडचं. तिकडं लाईट असते कमी, जाते जास्त."

"काकू, मीटर चांगलंय!"

*

डिसेंबरात काकूंना नवीनच काळजी. "अगं, गीझर बिघडलाय का? कधी लागलेला दिसत नाही."

रोहिणी नुकतीच गार पाण्यानं नाहून गच्चीत केस वाळवत होती. म्हणाली, "थंडी तर पडू द्या की काकू!"

काकू त्या वेळी दोन स्वेटरमध्ये होत्या.

*

याच रोहिणीचा आणखी एक प्रताप. ही तांदूळ धुवायची आणि ते धुवण ओट्याखालच्या बादलीत साठवायची. चौथ्या दिवशी असा वास सुटला की काकू नाकाला पदर लावून आल्या. "हे कुणासाठी ठेवलंय?"

रोहिणी सवयीनं बोलून गेली, "म्हशीसाठी."

दुसऱ्या मजल्यावर म्हैस! मी हसून हसून आडवी झाले. रोहिणीनं मात्र तोंड पाडलं नाही. बादली उचलली आणि खाली काकूंच्या मरतुकड्या कढीपत्त्याला घातली. रोज घालत गेली. आज अख्खी बिल्डिंग त्याच कढीपत्त्याची फोडणी देते, आणि धुवण खाली आणून ओतते. लई अभिमान वाटतो बरं का मला आमच्या म्हशीवालीचा!

*

आणि मग जत्रा झाली.

आबा सकाळच्या एसटीनं आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले. घोंगडी अंथरून खाली बसले आणि चारी भिंती निरखत राहिले. मग उठून खिडकीशी गेले. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत.

"हितनं डोंगर दिसत न्हाई?"

"न्हाई, आबा," सुनंदा म्हणाली.

सुनंदानं दोरीवरचा युनिफॉर्म काढला आणि घडी घालायला लागली.

शेवटी काकूच पुढे झाल्या. त्यांचाही जीव जडला होता पोरीवर. "मामा, काळजी करू नका. लाईट, पाणी, सगळं भाड्यात आहे. काही कमी पडणार नाही तिला."

"पाणी?" म्हणत आबा उठले. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, ओंजळभर पाणी प्यायले. थोडं तोंडात घोळवलं. पुन्हा एक ओंजळ. नळ घट्ट बंद केला, मिशा पुसल्या, घोंगडी खांद्यावर टाकली आणि काकूंना म्हणाले,

"पोरगी ऱ्हाईल हितं. आन् ताई, पाणी तुमाला कदी कमी पडलं, तर सांगा!"